लांगटांग खोऱ्यातला टी-हाउस ट्रेक: आठ दिवसांचा बेत, गाइड आणि गावातले रिवाज

अक्षता_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधला लांगटांग ट्रेक ठरतोय, वाटेतल्या लॉजमध्ये मुक्काम करत. सहा जण, वयं ३१ ते ५८, सगळे सह्याद्रीत नेमाने चालणारे. एजन्सीकडून आलेला बेत असा:

दिवस १: काठमांडू ते स्याब्रुबेसी (सुमारे १,५०० मी.), बसने
दिवस २: लामा होटेल नावाची वस्ती (सुमारे २,४५० मी.)
दिवस ३: लांगटांग गाव (३,४३० मी.)
दिवस ४: क्यांजिन गोम्पा (सुमारे ३,८७० मी.)
दिवस ५: पहाटे चेर्को री शिखर (४,९८४ मी.), परत क्यांजिन
दिवस ६: लामा होटेल
दिवस ७: स्याब्रुबेसी
दिवस ८: काठमांडू

प्रश्न चार. हा बेत उंचीच्या हिशोबाने बरोबर आहे का? गाइड घ्यावा की नुसता भरिया, म्हणजे ओझं वाहणारा, पुरेल? लॉजमध्ये खोली, जेवण, पैसे यांचं नेमकं कसं चालतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही गावं तामांग आणि तिबेटी वळणाच्या बौद्धांची आहेत, तर तिथे वागताना काय पाळायचं?

---

सह्यवारा

तिसऱ्या दिवशी लामा होटेल ते लांगटांग म्हणजे एका दिवसात झोपायची उंची ९८० मीटरने वाढते. बहुतेक छापील बेतांत हेच असतं आणि बहुतेक डोकेदुख्या याच दिवशी सुरू होतात. मध्ये थांबा. घोडातबेला (सुमारे ३,०००) किंवा थांग्स्याप (सुमारे ३,१५०), दोन्हीकडे लॉज आहेत.

---

तुषार_चिंचवड

सह्यवारा, सगळे फिट असतील तर एक दिवस कशाला वाया घालवायचा? लामा होटेल ते लांगटांग सहा-सात तासांचीच चाल आहे. राजगड-तोरणा करणाऱ्यांना अवघड नाही.

---

उंचीचा_डॉक्टर

तुषार, चाल अवघड नाही हे खरं. पण विरळ हवेचा त्रास दमसासावर ठरत नाही, झोपायची उंची किती वेगाने वाढवली यावर ठरतो. तंदुरुस्त माणूस भरभर चढतो म्हणून उलट लवकर अडकतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. स्याब्रुबेसीतून निघाल्यावर दुपारच्या जेवणाला तुम्ही बांबू नावाच्या वस्तीत (सुमारे १,९७०) असता, म्हणजे पहिल्याच दिवशी महाराष्ट्राच्या छपराच्या वर. सह्याद्रीने गुडघे आणि तोल तयार होतो, रक्त तयार होत नाही.

नियम साधा आहे. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलं तर उत्तम.

एएमएस, म्हणजे हा विरळ हवेचा त्रास, ओळखायची खूण: डोकेदुखी, आणि तिच्याबरोबर मळमळ, भूक मरणं, अतिशय थकवा किंवा चक्कर यांपैकी काहीही. अशा वेळी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा वाढलं तर खाली. एका सरळ रेषेत टाचेला बोटं लावत चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच उतरवायचं, सोबत माणूस देऊन. या दोन अवस्था मेंदूला आणि फुप्फुसाला सूज आल्याच्या आहेत. त्यात तासांचा हिशोब असतो.

अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) प्रतिबंधासाठी साधारण १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बदलते. हे अपेक्षित आहे, घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणून बेत घाईचा करायची मुभा मिळत नाही.

५८ वर्षांचं जे कोणी आहे त्यांनी निघण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. वय हा अडथळा नाही, न कळलेला आजार हा अडथळा आहे.

---

गिरिजा_पुणे

डॉक्टरांना अनुमोदन. एक भर: लसणाच्या सूपने उंचीचा त्रास जातो असं प्रत्येक लॉजमध्ये सांगतात. त्याला पुरावा नाही. पण पोटात गरम पाणी आणि मीठ जातं, तेवढ्यासाठी जरूर प्या.

---

काठमांडूचा_मराठी

गाइडबद्दल. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन मंडळाने ट्रेकिंगच्या मार्गांवर परदेशी ट्रेकरला नोंदणीकृत संस्थेमार्फत परवानाधारक गाइड घेणं सक्तीचं केलं. सक्ती बाजूला ठेवली तरी या खोऱ्यात गाइड घ्या, कारणं पुढे लिहितो. कागदपत्रं दोन: लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशपत्र, सार्क देशांसाठी १,५०० नेपाळी रुपये अधिक १३ टक्के कर (इतर परदेशींना ३,००० अधिक कर), आणि टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड, सार्कसाठी १,०००. दर बदलतात, निघण्याआधी ताजा आकडा विचारा. वाटेत धुंचेला सैन्याची आणि उद्यानाची चौकी लागते. बॅगा उघडून बघतात. ड्रोन असेल तर त्याचा वेगळा परवाना आधीच काढलेला हवा.

भारतीयांना व्हिसा नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही, फक्त १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना चालतं. दरवर्षी विमानतळावर या एका कारणाने कोणीतरी मागे राहतं.

गाइडची ओळख अशी करायची: गळ्यातलं सरकारी परवान्याचं कार्ड बघा, मुदत बघा. मग विचारा की घर कुठलं. रसुवा जिल्ह्यातला, शक्यतो खोऱ्यातलाच तामांग गाइड मिळाला तर बाकीच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं वाटेत आपोआप मिळतील. काठमांडूच्या एजन्सीला हे आधीच लेखी सांगता येतं. गाइडला रोज किती मिळणार, त्याचा विमा आहे का, त्याचं जेवण-राहणं पगारात धरलंय का, हे तिन्ही विचारा. ज्या एजन्सीला हे प्रश्न आवडत नाहीत ती सोडा.

---

तुषार_चिंचवड

खर्च वाचवायला दोघांत एक पोर्टर-गाइड चालत नाही का?

---

काठमांडूचा_मराठी

चालतो, पण त्याच्याकडून दोन्ही कामं पूर्ण होतील अशी अपेक्षा ठेवू नका. पाठीवर ओझं असलेला माणूस मागे पडलेल्या सदस्यासाठी थांबू शकत नाही, आणि आजारी माणसाला खाली नेताना ओझं कोण उचलणार? सहा जणांना एक गाइड आणि तीन भरिये हे माप बरोबर. एका भरियाकडे दोघांचं मिळून २० किलोच्या आत सामान. म्हणजे प्रत्येकी नऊ-दहा किलोची डफल बॅग, घरी वजनकाट्यावर मोजलेली. भरिया ते नाम्लोने, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याने वाहतो, त्यामुळे चाकांची बॅग नको आणि काचेच्या बाटल्या नकोत. त्याच्या पायात बूट, अंगात जाकीट आणि रात्री झोपायला जागा आहे ना, हे पहिल्या संध्याकाळी स्वतः बघा. आजारी पडलेल्या भरियाला पैसे देऊन एकट्याला खाली पाठवायचं नाही, सोबत माणूस द्यायचा.

बक्षिशी शेवटच्या संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून, पाकिटात, प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी. गाइडकडे एकत्र देऊन वाटायला सांगू नका.

---

चहाबाज

खोली आणि जेवणाचं मी लिहितो.

खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन खाटा, गादी, उशी, मागितली तर रजई. शेजारच्या खोलीतली कूस बदललेलीही ऐकू येते, कानात घालायचे बोळे न्या. संडास बहुधा सामाईक. खोलीचं भाडं नावापुरतं असतं, कधी माफही होतं, कारण घराची कमाई स्वयंपाकघरावर आहे. त्यामुळे अलिखित करार असा: जिथे झोपलात तिथेच रात्रीचं आणि सकाळचं जेवण. एका लॉजमध्ये झोपून शेजारी स्वस्त थुक्पा (नूडल्सचं सूप) खायला जाणं हा उघड अपमान समजला जातो. भाड्यात घासाघीस करून मग घरून आणलेली मॅगी शिजवून मागणं त्याहून वाईट.

मेनूचे दर त्या त्या गावची लॉज समिती ठरवते, त्यामुळे एका गावात सगळीकडे जवळपास सारखेच. वर जाल तसे चढतात, कारण तांदूळ, गॅस, अंडी सगळं खेचरावर किंवा माणसाच्या पाठीवर येतं.

दालभात घ्या. तोच एक पदार्थ आहे जो पुन्हा पुन्हा वाढतात: भात, डाळ, बटाट्याची किंवा रायसागाची भाजी, लोणचं, कधी गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. पोहोचल्या पोहोचल्या रात्रीची ऑर्डर वेळेसकट लिहून द्या. सहा जणांनी सहा पदार्थ मागितले तर एकाच चुलीवर दोन तास लागतात आणि सरपण सहापट जळतं. दोन पदार्थांत सगळे बसवा. चहा आणि गरम पाणी कपाने न घेता मोठ्या थर्मासने घ्या, स्वस्त पडतो आणि रात्री उरलेल्या गरम पाण्याची बाटली झोपायच्या पिशवीत ठेवता येते.

मांस लामा होटेलच्या वर टाळा. खालून शीतपेटीशिवाय दोन-तीन दिवस चालत आलेलं असतं. अंडी, बटाटा, त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ), तिबेटी पाव यांवर मजेत निभावतं.

---

मेघना_क

चहाबाज, शाकाहारींसाठी एक: 'व्हेज' सांगितलं तरी सूपचा मसाला चिकनच्या पाकिटाचा असू शकतो. 'मासु नहाल्नुस्, अन्डा नहाल्नुस्' असं स्वच्छ सांगा. साहुनी दीदी, म्हणजे लॉजची मालकीण, लगेच समजून घेते.

---

चहाबाज

बरोबर मेघनाताई. आणि क्यांजिनला दोन गोष्टी चुकवू नका. १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेल्या चीज कारखान्यातलं चीज, आणि डाले चुकचा, म्हणजे त्या आंबट केशरी बोरांचा, गरम रस. चीजला सगळे 'याक चीज' म्हणतात. पण याक हा नर! मादीला नाक म्हणतात, आणि बरंचसं दूध चौरीचं, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकराचं असतं. हे तिथे विचारलंत की गवळीण खुलून बोलायला लागते. दर १०० ग्रॅमचा असतो की किलोचा, हे आधी विचारा.

---

निलकंठ_प

पैशांचं राहिलं. १०० भारतीय = १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. काठमांडूतच नेपाळी रुपये करून घ्या आणि पाचशेच्या सुट्ट्या नोटा ठेवा. स्याब्रुबेसीनंतर एटीएम नाही. खोली-जेवणावर माणशी रोज ३,००० ते ४,५०० नेपाळी धरा, त्यावर गरम पाण्याची अंघोळ, फोन चार्ज करणं आणि वायफाय यांचे वेगळे पैसे. शिवाय तीन जास्तीच्या दिवसांची रोकड वेगळी बांधून ठेवा. हवा बिघडली किंवा रस्ता बंद झाला तर तीच कामी येते.

---

सह्यवारा

रस्त्यावरून आठवलं. पासांग ल्हामू महामार्गाचा धुंचे-स्याब्रुबेसी भाग दरडींचा आहे. ८ जुलै २०२५ च्या भोटेकोशीच्या पुरात वर चीनच्या सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला, त्यानंतर रस्त्याची अवस्था सतत बदलते आहे. बस सकाळी लवकर काठमांडूच्या माछापोखरीतून सुटतात, सात ते नऊ तास लागतात. सहा जण असाल तर जीप परवडते. गाडी लागणाऱ्यांनी वाटेतल्या त्रिशूली बाजाराच्या आधीच गोळी घ्यावी, नंतर घेऊन उपयोग नाही.

---

बोधी_नागपूर

चौथ्या प्रश्नाबद्दल, कारण मला या धाग्यात तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

मणी भिंत म्हणजे 'ॐ मणि पद्मे हुं' कोरलेल्या दगडी पाट्यांची लांब भिंत. लांगटांग आणि त्याच्या वरच्या मुंडू गावाच्या मधे फार लांबलचक भिंती आहेत. चोर्तेन म्हणजे स्तूप. दोन्हींना उजवीकडे ठेवून, म्हणजे त्यांच्या डाव्या बाजूने चालायचं. आपल्या देवळातली प्रदक्षिणा जशी, तशीच दिशा. भिंतीच्या दोन्ही अंगांनी पायवाटा असतात त्या याचसाठी. वर जाताना एका अंगाने गेलात आणि परत येतानाही भिंत उजवीकडेच ठेवलीत की दुसऱ्या अंगाने येता, आणि पूर्ण वाटेची एक प्रदक्षिणा होते. प्रार्थनाचक्रंही घड्याळाच्या दिशेने, उजव्या हाताने फिरवायची. ओढ्यावर पाण्याने फिरणारी चक्रं आहेत, त्यांत हात घालायचा नाही.

भिंतीवर बसायचं नाही, बॅग टेकवायची नाही, ओले मोजे वाळत घालायचे नाहीत. पाटी उचलून फोटो काढायचा नाही आणि घरी तर मुळीच आणायची नाही. प्रार्थनेच्या पताका पाच रंगांच्या आणि ठरलेल्या क्रमाच्या: निळा आकाश, पांढरा वारा, लाल अग्नी, हिरवा पाणी, पिवळा पृथ्वी. खाली पडलेली पताका ओलांडू नका, उचलून दगडावर ठेवा.

गोम्प्यात, म्हणजे बौद्ध मठात, बूट बाहेर, टोपी काढून. बसताना तळपाय मूर्तीकडे किंवा लामांकडे करायचे नाहीत. फोटोची परवानगी आधी, आणि मिळाली तरी फ्लॅश नाही. लोण्याच्या दिव्यासाठी दानपेटीत टाका, दिवा स्वतः लावायची घाई नको. कोणी गळ्यात खादा, म्हणजे मानाचं उपरणं, घातला तर तो वाटेत काढून पिशवीत कोंबू नका.

आणि चूल. तामांग घरात चूल ही पवित्र जागा आहे. प्लास्टिक, वापरलेला टिश्यू, चॉकलेटचा कागद जेवणघरातल्या शेगडीत टाकायचा नाही. आपल्याला तो कचरा वाटतो, घरच्यांना ती आगीची विटंबना वाटते.

---

तुषार_चिंचवड

बोधीदादा, हा बौद्ध धर्म आणि आपल्याकडचा, दीक्षाभूमीवरचा, यांत फरक काय? आमच्यातले दोघे नागपूरचे आहेत, ते विचारतायत.

---

बोधी_नागपूर

फरक बराच आहे आणि तो मोकळेपणाने बघावा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात विवेक आणि समता मध्यभागी आहेत, बावीस प्रतिज्ञांत कर्मकांड नाकारलंय. लांगटांगमधली परंपरा वज्रयान, म्हणजे तिबेटी वळणाची, मुख्यतः न्यिंग्मा पंथाची. तिथे गुरू पद्मसंभव म्हणजे गुरू रिम्पोछे यांची मूर्ती बुद्धांइतकीच दिसेल, गावचे बरेच लामा गृहस्थ असतात, शेती करतात, आणि त्यांच्या शेजारी तामांग समाजात बोम्बो, म्हणजे झाडफूक करणारे, सुद्धा असतात. हे खोरं तिबेटी परंपरेत 'बेयुल', म्हणजे संकटकाळात आसरा देणारी गुप्त भूमी, मानलं जातं.

पण नेपाळशी आपला धागा जुना आहे. दीक्षेनंतर साधारण महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूत होते आणि बुद्ध व मार्क्स यांच्यावर बोलले. त्यामुळे तुमच्या नागपूरच्या मित्रांना सांगा, 'जय भीम' म्हटल्यावर समोरच्याला कळेलच असं नाही, पण 'आम्हीही बौद्ध' एवढं नेपाळीत सांगितलं की चुलीजवळची जागा मिळते. अभिवादन तामांगमध्ये 'फ्याफुल्ला', वरच्या गावांत 'ताशी देलेक'.

---

मेघना_क

सुंदर लिहिलंत. अभिवादन लिहून घेतलं.

---

काठमांडूचा_मराठी

गाइड का हवा, ते आता. तीन कारणं.

पहिलं म्हणजे दिवाळी. तेव्हा तिथे तिहार असतो, दसरा-दिवाळीचे दिवस म्हणजे ट्रेकिंगचा भर. थांग्स्यापसारख्या छोट्या जागी लॉज मोजके. गाइड आदल्या संध्याकाळी फोन करून खोल्या धरतो. तुम्ही दुपारी चारला पोहोचून विचारलंत तर जेवणघरातल्या बाकावर झोपावं लागेल. नेपाळ टेलिकॉमचं सिम घ्या, डोंगरात तेच जास्त ठिकाणी लागतं.

दुसरं, खेचरं. खेचरांचा किंवा याकांचा तांडा आला की नेहमी डोंगराच्या अंगाला थांबायचं, दरीच्या नाही. ओझ्याची कड लागून माणूस खाली जातो. झुलत्या पुलावर तांडा चढलेला दिसला तर पूर्ण उतरेपर्यंत अलीकडे थांबा. गाइड हे ओरडून सांगतो, नवखा माणूस फोटो काढत उभा राहतो.

तिसरं कारण लांगटांग गावच. २५ एप्रिल २०१५, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि लांगटांग लिरुंगच्या (सुमारे ७,२३० मी.) अंगावरून बर्फ आणि दगडांचा लोंढा जुन्या गावावर कोसळला. हवेच्या धक्क्याने समोरच्या उतारावरचं जंगल आडवं झालं. गावकरी, भरिये, गाइड, ट्रेकर मिळून तीनशेच्या आसपास माणसं गेली. गोम्बा वस्तीनंतर जो करड्या दगडांचा रुंद पट्टा ओलांडता, त्याच्या खाली ते गाव आहे. नवं गाव थोडं वर बांधलंय. नावं कोरलेलं स्मारक आहे. तिथे पट्ट्यावर बसून डबा उघडायचा नाही, आरडाओरडा नाही, ड्रोन नाही. ज्यांच्या लॉजमध्ये झोपाल त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी त्या यादीत आहे, हे धरून चाला. आपण होऊन 'तेव्हा तुम्ही कुठे होतात' असं विचारू नका. खोऱ्यातला गाइड सोबत असेल तर तो कुठे थांबायचं ते सांगतो.

---

गिरिजा_पुणे

हे वाचून धागा दोन मिनिटं बाजूला ठेवला. काठमांडूकर, धन्यवाद.

---

निलकंठ_प

विम्याबद्दल सावध करतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक वगळलेला असतो, किंवा 'साहसी खेळ' म्हणून वेगळी जोड घ्यावी लागते. पॉलिसीत दोन वाक्यं शोधा: उंचीची मर्यादा (तुमच्यासाठी ५,००० मी. तरी हवी) आणि हेलिकॉप्टरने सुटका. पॉलिसी क्रमांक आणि चोवीस तासांचा फोन कागदावर लिहून एक प्रत गाइडकडे द्या. हेलिकॉप्टर बोलवण्याआधी शक्य असेल तर विमा कंपनीला फोन, नाहीतर दावा अडतो. आणि उलट बाजूही आहे: साध्या डोकेदुखीला भीती घालून हेलिकॉप्टर बोलवायला लावण्याचे प्रकार नेपाळमध्ये झाले आहेत. डॉक्टरांनी वर दिलेली लक्षणं पाठ असतील तर निर्णय तुम्हाला घेता येतो.

---

तुषार_चिंचवड

एक मान्य करतो, थांग्स्यापचा मुक्काम हवा. पण चेर्को री दुसऱ्या दिवशी जमेल ना?

---

उंचीचा_डॉक्टर

क्यांजिनला पोहोचल्याच्या दुसऱ्या पहाटे १,१०० मीटर वर? माझं मत नाही. मधे एक दिवस क्यांजिन री करा. तिची खालची टेकाडं ४,३०० च्या आसपास आहेत, वरचा माथा ४,७०० च्या पुढे. जिथे डोकं दुखायला लागेल तिथून मागे फिरा. किंवा लांगशिशा खर्काच्या दिशेने खोऱ्यात तीन-चार तास सपाट चाला. त्या रात्री झोप नीट लागली, भूक शाबूत राहिली, तरच चेर्को री.

---

सह्यवारा

चेर्को रीचा तपशील: पहाटे चार-साडेचारला निघणं, वर जायला चार ते पाच तास, उतरायला तीन. वर जेवण-पाणी काही नाही, माणशी दोन लिटर पाणी आणि खाणं सोबत. पाण्याची नळी असलेली पिशवी वापरत असाल तर पहाटे नळी गोठते, साधी बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ आधी तोंडाशी न धरता बुडाशी धरतो. साडेदहानंतर वारा उठतो, अकराला जिथे असाल तिथून परत. ताजा बर्फ पडला असेल तर वरचा दगडगोट्यांचा टप्पा सोडून द्या.

पाणी शुद्ध करायच्या गोळ्या वापरणार असाल तर थंड पाण्यात अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबा. आणि पोकळ धाग्यांचा फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घ्या. एकदा आत पाणी गोठलं की तो फाटतो, बाहेरून कळत नाही.

---

मेघना_क

उतरण्याबद्दल कोणीच बोललं नाही. क्यांजिन ते लामा होटेल एका दिवसात म्हणजे १,४०० मीटर उतार, त्यातला घोडातबेलाच्या खालचा ओलसर जंगलातला, मुळं आणि निसरड्या दगडांचा. दोन काठ्या हव्याच, उतारावर चढाईपेक्षा हातभर लांब केलेल्या नाही, पाच-दहा सेंटीमीटर लांब. बुटाच्या नाड्या घोट्याशी आवळून बांधा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा, त्याच सकाळी नको.

लामा होटेलपासून बांबूपर्यंतच्या जंगलात वानरं दिसतात, नशीब असेल तर हाब्रे, म्हणजे लाल पांडा. खालच्या कड्यांवर रानमधमाश्यांची मोठी पोळी आहेत, तिथे अत्तर आणि गोंगाट टाळा.

---

अक्षता_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला सुधारलेला बेत पाठवतेय, कुठे चुकत असेल तर सांगा:

१ स्याब्रुबेसी, २ लामा होटेल, ३ थांग्स्याप, ४ लांगटांग (दुपारी स्मारक, मणी भिंत मुंडूपर्यंत), ५ क्यांजिन, ६ क्यांजिन री किंवा खोऱ्यात चाल, ७ चेर्को री, ८ लामा होटेल, ९ स्याब्रुबेसी, १० काठमांडू. एक गाइड रसुवाचा, तीन भरिये, माणशी नऊ किलो. चेर्को री ज्यांना नको ते क्यांजिनला थांबतील.

---

उंचीचा_डॉक्टर

३,१५० – ३,४३० – ३,८७०. आता हिशोब बसला. दिवस ७ झाल्यावर थकवा जास्त असेल तर दिवस ८ ला लामा होटेलच्या अलीकडे, रिव्हरसाइड या वस्तीतच थांबलात तरी चालेल, नवव्या दिवशी उतार थोडा वाढतो एवढंच.

---

निलकंठ_प

काठमांडूहून परतीच्या विमानाआधी अजून एक दिवस मोकळा ठेवा, अक्षताताई. दरडीसाठी.

---

काठमांडूचा_मराठी

आणि नवव्या दिवशी स्याब्रुबेसीत पोहोचल्या पोहोचल्या, अंघोळीच्याही आधी, दुसऱ्या सकाळच्या गाडीच्या जागा धरा. तिहारच्या भाइटीकेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, घरी पोहोचायला अख्खा रसुवा त्याच गाड्यांत असतो. तुमचा गाइड आणि भरियेही. तो दिवस प्रवासात येत असेल तर बेत एक दिवस अलीकडे ओढा, म्हणजे त्यांच्या बहिणींना वाट बघावी लागणार नाही.

---

अक्षता_ठाणे

हे लक्षातच आलं नव्हतं. एक दिवस अलीकडे घेतला.